खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ गोळेश्वर नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. त्यांचे वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. पाच भावांत सर्वांत धाकट्या असलेल्या खाशाबांना त्यांनी पाचव्या वर्षापासूनच कुस्तीचे धडे दिले. अंगकाठी लहानच होती. परंतु प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरून त्याला फेकावयाचा ‘ढाक’ हा डाव त्यांना उत्तम साधला होता.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलातील शिक्षण संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चास हातभार लावला. लंडनला पोहोचल्यावर मात्र एक नवीच अडचण पुढे आली. खाशाबांची सारी मेहनत तांबड्या मातीत झालेली, आणि तेथे कुस्ती गादीवरची! मातीत पाठ टेकली की निकाल लागतो. गादीवर वेळेचे बंधन असते आणि गुण मोजले जातात. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. पहिल्याच खेपेस हे यश थोडे नव्हते. पण खाशाबांचे समाधान झाले नाही. आपण कोठे कमी पडलो याचा विचार करीत ते परतले आणि पुढील चार वर्षे त्यांनी कसून सराव केला.

१९५२ साली हेलसिंकीस जावयाचे ठरले, तेव्हा पैशाचा प्रश्न उभा राहिला. गावकऱ्यांनी आपापल्या परीने वर्गणी दिली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी तर आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. केवढा हा विश्वास! आता हार झाली असती, तर ती एकट्या खाशाबांची ठरली नसती.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलो वजनाच्या गटात लढले. (बीड जिल्ह्यातील पाटोद्याचे मल्ल राहुल आवारे यांनी २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले, तेही ५७ किलो गटातच.) कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांना त्यांनी हरविले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली कुस्ती दीर्घकाळ रंगली आणि तीत खाशाबा अगदी थोडक्यात हरले. अंगातील थकवा गेला नाही तोच त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढण्यास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण त्यांची बाजू मांडण्यास भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. खाशाबा तसेच गादीवर उतरले. ती कुस्तीही गेली. मात्र कांस्यपदक त्यांच्या पदरी पडले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळावयास १९९६ साल उजाडावे लागले!

कऱ्हाडला शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु खाशाबांच्या डोक्यावर ऋण होते. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरविले, स्वतः लढून पैसा उभा केला आणि खर्डेकरांचे घर सोडवून दिले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका अपघातात त्यांचे निधन झाले. २००१ साली त्यांना मरणोत्तर अर्जुन पुरस्कार देण्यात आला.