छायाचित्रांच्या ढिगाऱ्यातून माणूस शोधणारा कारकून

पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात मार्च १८७९ मध्ये २५ वर्षांचा एक अबोल, चिडखोर तरुण कारकून म्हणून रुजू झाला. अटक झालेल्यांची वर्णने पत्रकांवर उतरवून काढणे, एवढेच त्याचे काम. आल्फाँस बेर्तियाँ हे त्याचे नाव. घराणे मात्र विद्वानांचे होते. वडील लुई-आदोल्फ वैद्यक आणि संख्याशास्त्रातले नावाजलेले अभ्यासक, तर आजोबा आशिल गियार हे लोकसंख्याशास्त्राला त्याचे फ्रेंच नाव देणारे गृहस्थ. थोरला भाऊ झाक याने पुढे मृत्यूच्या कारणांचे जे वर्गीकरण केले, त्याच्याच पायावर आजचे रोगांचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण उभे आहे. अशा घरात शाळाशाळांतून काढून टाकलेला आल्फाँस हा चिंतेचा विषय होता. ही नोकरीही वडिलांच्या ओळखीनेच मिळालेली.

नोकरी कंटाळवाणी होती, पण त्या पत्रकांत एक मोठा पेच दडलेला होता. गुन्हेगाराला डाग देण्याची शिक्षा फ्रान्सने १८३२ मध्ये रद्द केली होती. त्यामुळे पकडलेला माणूस पहिल्यांदाच सापडला आहे की सराईत आहे, हे ओळखण्याची खूण उरली नव्हती. पोलिसांनी छायाचित्रे काढून ठेवली होती, तीही हजारोंनी. पण ती लावलेली होती नावांच्या क्रमाने. सराईत गुन्हेगार आपले खरे नाव सांगतोच कशाला? सोबतची वर्णनेही उंची मध्यम, चेहरा सामान्य अशा थाटाची. चित्र असून सापडत नव्हते आणि शब्द असून उपयोगाचे नव्हते.

बेर्तियाँच्या घरी कवट्या आणि मोजमापांचीच चर्चा चाले. प्रौढ माणसाच्या हाडांची लांबी बदलत नाही आणि दोन माणसांची सगळी मापे सहसा जुळत नाहीत, हे त्याने तिथेच ऐकले होते. डोक्याची लांबी व रुंदी, मधले बोट, डावे पाऊल, कोपरापासून बोटापर्यंतचा हात अशी ११ मापे त्याने निवडली आणि १८७९ मध्येच वरिष्ठांना अहवाल दिला. पोलीसप्रमुख लुई आंद्रिय यांना तो निव्वळ वेडेपणा वाटला. पुढचे प्रमुख झाँ कामकास यांनी १८८२ च्या अखेरीस त्याला तीन महिन्यांची मुदत दिली. ती संपत आली असताना, फेब्रुवारी १८८३ मध्ये, द्युपाँ असे नाव सांगणारा एक इसम प्रत्यक्षात आधी पकडला गेलेला मार्तँ असल्याचे मापांवरून सिद्ध झाले. १८८४ या एका वर्षात असे २४१ जण ओळखले गेले.

या पद्धतीचे खरे मर्म मोजपट्टीत नव्हते, कपाटात होते. समजा, छायाचित्रांसह ९०,००० पत्रके आहेत. डोक्याच्या लांबीवरून लहान, मध्यम, मोठे असे तीन भाग केले की प्रत्येकी ३०,००० उरतात. रुंदीवरून पुन्हा तीन केले की १०,०००. अशी सात मापे झाली की एका कप्प्यात चाळीसेक पत्रके राहतात आणि बुबुळाच्या रंगाचे सात गट पाडले की जेमतेम सहा. मग छायाचित्र डोळ्यांनी ताडून पाहायचे. व्यवहारात कप्पे इतके सारखे भरत नसत, कारण उंच माणसाचा हातही बहुधा लांबच असतो. हा दोष इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टन यांच्या नजरेत भरला आणि सहसंबंधाच्या गणिताकडे ते वळले, त्यामागे हेही एक कारण होते.

छायाचित्र काढण्याची रीतही बेर्तियाँने बदलली. ठरावीक खुर्ची, ठरावीक अंतर, मूळ आकाराच्या एक-सप्तमांश प्रतिमा. एक समोरून, एक बाजूने. दाढी वाढवून समोरचा चेहरा बदलता येतो, पण बाजूने दिसणारा कान बदलत नाही. कान, नाक आणि कपाळ यांच्या प्रत्येक वळणासाठी त्याने ठरावीक संज्ञा आणि त्यांची संक्षिप्त अक्षरे तयार केली. या शब्दचित्राच्या आधारे दूरच्या गावचा पोलीसही तारेने आलेल्या वर्णनावरून माणूस ओळखू शके. गस्तीवरच्या शिपायांसाठी खिशात मावणारा छायाचित्रसंग्रह निघाला. त्यातली चित्रे नावाने नव्हे, तर चेहऱ्याच्या, मुख्यतः कानाच्या ठेवणीनुसार लावलेली होती. संगणक आज छायाचित्राचे आकड्यांत रूपांतर करून त्याच्या जोडीला शब्दांची वर्णने शोधतो, तेव्हा तो हेच करत असतो. फक्त कपाट दिसत नाही.

१८८५ च्या कायद्याने फ्रान्समध्ये सराईत गुन्हेगारांना जन्मभरासाठी वसाहतींत पाठवता येऊ लागले आणि ओळख पटवण्याला भयंकर वजन आले. १८९२ मध्ये बाँबस्फोट घडवणारा रावाशोल याची ओळख मापांवरून पटली आणि बेर्तियाँचे नाव युरोपभर झाले.

कीर्तीने त्याला बिघडवले असे म्हणणे फारसे अन्यायाचे ठरणार नाही. १८९४ मध्ये कॅप्टन ड्रेफस यांच्यावर हेरगिरीचा आरोप आला, तेव्हा हस्ताक्षराचा तज्ज्ञ नसतानाही बेर्तियाँने साक्ष दिली. हस्ताक्षर न जुळणे हाच पुरावा, कारण ड्रेफस यांनी स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली, असे त्याचे गणित होते. एक निरपराध माणूस डेव्हिल्स आयलंडवर खितपत पडला. १९०४ मध्ये आंरी प्वांकारे यांच्यासह तीन गणितज्ञांनी त्या गणिताच्या चिंधड्या उडवल्या. १९०६ मध्ये ड्रेफस निर्दोष ठरले.

दरम्यान, कोलकात्याहून वेगळेच वारे वाहू लागले होते. बंगालच्या पोलिसांनी १८९२ मध्ये बेर्तियाँचीच मापे स्वीकारली होती. पण मोजणाऱ्याचा हात बदलला की माप बदले. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी बोटांच्या ठशांचे १,०२४ कप्प्यांचे वर्गीकरण घडवले आणि १८९७ मध्ये तिथे ठशांचे कार्यालय सुरू झाले. बेर्तियाँनेही पत्रकांवर काही बोटांचे ठसे घेणे सुरू केले, पण पुरवणी म्हणून. १९०२ मध्ये कपाटाच्या फुटक्या काचेवरील ठशांवरून त्याने शेफर या खुन्याची ओळख पटवली, तरी पत्रके मापांच्याच क्रमाने राहिली.

त्याची किंमत ऑगस्ट १९११ मध्ये मोजावी लागली. लूव्र संग्रहालयातून मोनालिसा चोरीला गेली. चोराचा ठसा काचेवर उमटला होता आणि चोर विन्चेन्झो पेरुज्जा याचे पत्रक, पूर्वीच्या अटकेमुळे, छायाचित्र आणि ठशांसह बेर्तियाँच्या कपाटातच होते. ठशावरून पत्रक काढण्याची सोय तेवढी नव्हती. चित्र सापडले ते डिसेंबर १९१३ मध्ये, पेरुज्जाने फ्लॉरेन्समध्ये ते विकायचा प्रयत्न केला तेव्हा.

जुलै १९१२ च्या कायद्याने फ्रान्समधल्या भटक्या जमातींवर, कोणताही गुन्हा नसताना, मापे, छायाचित्रे आणि ठसे असलेली पुस्तिका बाळगण्याची सक्ती आली. पोरासोरांचीही नोंद होऊ लागली. ती पुस्तिका रद्द झाली १९६९ मध्ये.

बेर्तियाँ १३ फेब्रुवारी १९१४ रोजी पॅरिसमध्ये वारला. त्याच्या माघारी फ्रान्सनेही ठशांच्या वर्गीकरणाची कास धरली आणि मोजपट्ट्या अडगळीत गेल्या. समोरून एक आणि बाजूने एक अशी दोन छायाचित्रे मात्र जगभरच्या पोलीस ठाण्यांत काढली जात राहिली.