Explained : संशयाने धुळ्याला बदली, १४ वर्षांनी हायकोर्टात, कोण होते न्यायमूर्ती रानडे?

महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडचा. १८७१ मध्ये ते न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. नोकरी सरकारची, पण सार्वजनिक सभेच्या कामातही ते पुढे असत.

सरकारला संशय का आला?
१८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके यांचे बंड झाले. मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाड्याला आग लागली. रानडे यांचा याच्याशी संबंध असावा, असे सरकारला वाटले. त्यांची धुळ्याला बदली झाली. तिथे त्यांची पत्रेही फोडून वाचली जात. हाती काहीच लागले नाही.

पुढे काय झाले?
रानडे यांनी ना नोकरी सोडली, ना सार्वजनिक काम. १८७५ च्या सुपे येथील दंग्यानंतर कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये कायदा झाला होता. त्यानुसार सावकाराच्या नुसत्या कागदावर न थांबता कोर्टाला मूळ व्यवहार तपासता येई. या कायद्याच्या अंमलबजावणीवर रानडे यांनी विशेष न्यायाधीश म्हणून देखरेख केली.

हायकोर्टात नेमणूक कधी झाली?
१८९३ मध्ये, न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांच्या निधनानंतर. तेव्हा रानडे ५१ वर्षांचे होते. १६ जानेवारी १९०१ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या सरकारने त्यांची पत्रे फोडली, त्याच सरकारने त्यांना न्यायमूर्ती केले होते.