डॉ. अवतारसिंह पेंटल

अंथरुणातून उठून उभे राहताच रक्त पायांकडे ओढले जाते व रक्तदाब किंचित उतरतो. मानेतील आणि हृदयालगतच्या धमन्यांतील संवेदनाग्राही ही वार्ता मेंदूला पोहोचवतात. मेंदू हृदयाचे ठोके वाढवतो, रक्तवाहिन्या आकुंचित करतो आणि भोवळ टळते.

अशा मूक संदेशांचा शोध घेण्यात डॉ. अवतारसिंह पेंटल यांनी आयुष्य वेचले. त्यांचा जन्म १९२५ मध्ये ब्रह्मदेशात झाला. लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ते संशोधनासाठी एडिंबरोला गेले. मज्जेतील अतिसूक्ष्म तंतू एकेक सुटा करून त्यातील विद्युत्संदेश नोंदवण्याची किमया त्यांनी साधली. हृदयाची अलिंदे रक्ताने भरून ताणली गेल्याची खबर देणारे संवेदनाग्राही त्यांनी १९५३ मध्ये उलगडून दाखवले. पुढे फुप्फुसांतील ‘जे’ ग्राही शोधून धाप लागण्यामागील एक कारण त्यांनी स्पष्ट केले.

मायदेशी परतून त्यांनी दिल्लीच्या वल्लभभाई पटेल वक्ष संस्थेची धुरा वाहिली. १९८१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. २००४ मध्ये त्यांचे निधन झाले. देहाची अबोल भाषा वैद्यकाला कळू लागली, यात त्यांचा वाटा मोलाचा आहे.