ॲरिस्टॉटल : परक्या नगरातला वक्तृत्वगुरू

ॲरिस्टॉटल म्हटले की सिकंदराचा गुरू आणि थोर तत्त्वज्ञ आठवतो. माणसे एकमेकांना बोलून कशी पटवतात, याचे शास्त्रही त्याने मांडले. पण ज्या अथेन्समध्ये त्याचे निम्म्याहून अधिक आयुष्य गेले, तिथल्या नागरिकांच्या सभेत बोलण्याचा हक्क त्याला कधीच नव्हता.

इ.स.पू. ३८४ मध्ये उत्तर ग्रीसमधील स्टॅगिरा या गावी त्याचा जन्म झाला. वडील निकोमॅकस मॅसिडोनियाच्या राजाचे वैद्य होते. पोरका झालेला हा मुलगा सतराव्या वर्षी अथेन्सला प्लेटोच्या अकादमीत आला आणि वीस वर्षे तिथेच राहिला. बाहेरून आलेल्यांना अथेन्समध्ये राहता येई, व्यवसाय करता येई, कर तर भरावाच लागे. मात्र जमीन घेता येत नसे आणि मतही देता येत नसे.

प्लेटोला वक्तृत्वाचा भरवसा नव्हता. त्याचे गुरू सॉक्रेटिस यांना इ.स.पू. ३९९ मध्ये नागरिकांच्याच न्यायसभेने मृत्युदंड दिला होता. आपल्या ‘गॉर्जियास’ या संवादात प्लेटोने वक्तृत्वाला पाककलेच्या पंक्तीला बसवले : जिभेला गोड, पण प्रकृतीला मानवेलच असे नाही. ॲरिस्टॉटलने हा धोका ओळखला, तरी वक्तृत्व टाकून दिले नाही. चांगल्या गोष्टीचाही गैरवापर होतोच. आणि खरी बाजू नीट मांडली नाही, तर ती हरते, असे त्याचे म्हणणे होते.

वक्तृत्वावरील त्याच्या ग्रंथाचे तीन भाग आहेत. बोलणे पटते ते तीन गोष्टींमुळे, असे तो सांगतो : बोलणाऱ्याचे चारित्र्य, ऐकणाऱ्यांची मनःस्थिती आणि मुद्द्यातला दम. याहून मार्मिक निरीक्षण पुढे आहे. वक्ता सगळे बोलत नाही. श्रोत्यांना ठाऊक असलेला दुवा तो गाळतो आणि श्रोते तो मनात भरून घेतात. डोरियस ऑलिंपिया जिंकला एवढे सांगितले की पुरे. तिथे बक्षीस म्हणून मुकुट मिळतो हे सांगावे लागत नाही.

‘राज्यशास्त्र’ या ग्रंथात तो आणखी खोलात जातो. सुखदुःखाचा आवाज पशूही काढतात. न्याय-अन्याय बोलून ठरवतो तो माणूस, आणि त्या समान जाणिवेवरच घर आणि नगर उभे राहते. मात्र हाच विचारवंत गुलामगिरी नैसर्गिक मानत होता आणि स्त्रियांना कारभारात स्थान देत नव्हता, हेही नोंदवले पाहिजे.

प्लेटोच्या मृत्यूनंतर, इ.स.पू. ३४७ च्या सुमारास, त्याने अथेन्स सोडले. पुढे काही काळ त्याने किशोरवयीन सिकंदराला शिकवले. इ.स.पू. ३३५ मध्ये परत येऊन त्याने लायसियम येथे आपली पाठशाळा सुरू केली. इ.स.पू. ३२३ मध्ये सिकंदर वारला, मॅसिडोनियाविरुद्ध संताप उसळला आणि ॲरिस्टॉटलवर देवनिंदेचा आरोप आला. सॉक्रेटिस यांच्यावरील आरोपही देवांविषयीचाच होता. तो युबिया बेटावरील खाल्किस येथे निघून गेला आणि पुढच्याच वर्षी, ६२ व्या वर्षी, तिथे वारला.

आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. आपल्या बोलण्यातही असे कितीतरी न बोललेले दुवे असतात : सणांचे, नात्यांचे, म्हणींचे. इथे वाढलेल्या नातवंडांना ते आपोआप कळतील असे धरून चालू नये. त्यांच्याशी बोलताना तेवढा गाळलेला दुवा उच्चारून सांगावा. मग पुढच्या वेळी तो मनातल्या मनात भरायला ती शिकतील.