माधवराव सप्रे आणि टोपलीभर माती

रायपूर शहराच्या जुन्या भागाला पुरानी बस्ती म्हणतात. तेथून जवळच, बूढा तालावाच्या बाजूला, पंडित माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे यांची मातृभाषा मराठी. परंतु त्यांनी आयुष्यभर लेखणी झिजवली ती हिंदीसाठी.

त्यांचा जन्म १९ जून १८७१ रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया या गावी झाला. शिक्षण बिलासपूर व रायपूर येथे झाले. पदवी मिळाल्यावर सरकारी नोकरीचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. पेंड्रा येथे राजकुमाराचे शिक्षक असताना, जानेवारी १९०० मध्ये, रामराव चिंचोलकर आणि वामनराव लाखे यांच्या साहाय्याने त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. पैशाअभावी ते तीनच वर्षे चालले.

याच मासिकात १९०१ साली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासक तिला हिंदीतील पहिली आधुनिक कथा मानतात. कथा जेमतेम दीड-दोन पानांची आहे. एका जमीनदाराला आपल्या वाड्याचे आवार वाढवण्याचा ध्यास लागतो. मध्ये एका विधवेची झोपडी येते. तिचा नवरा, एकुलता एक मुलगा आणि सून हे सारे मृत्यूने नेलेले. उरली आहे पाच वर्षांची नात. वकिलांचे हात ओले करून जमीनदार झोपडी बळकावतो. पुढे नात अन्न सोडते. आपल्या घरीच जेवीन असा हट्ट धरते. त्या घरच्या मातीची चूल करावी, म्हणजे तरी ती जेवेल, या आशेने म्हातारी टोपलीभर माती मागायला येते आणि भरलेली टोपली डोक्यावर चढवण्यासाठी जमीनदारालाच हात लावायला सांगते. त्याला ती उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलत नाही, तर अशा हजारो टोपल्यांचा भार जन्मभर कसा वाहणार, एवढेच ती विचारते. जमीनदार वरमतो आणि झोपडी परत करतो.

कथेतील जमीनदाराला झोपडी परत करून मोकळे होता आले. लेखकाच्या वाट्याला मात्र परत न करता येणारे ओझे आले. १९०७ मध्ये सप्रे यांनी नागपुरात लोकमान्य टिळकांच्या विचारांचा ‘हिंदी केसरी’ सुरू केला. पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या, विशेषतः थोरल्या भावाच्या, आग्रहापुढे ते नमले आणि माफीपत्रावर त्यांची सुटका झाली. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. ते सार्वजनिक जीवनातून दूर झाले. वर्ध्याजवळ एका रामदासी सत्पुरुषाच्या सहवासात राहून त्यांनी माधुकरी मागितली आणि ‘दासबोधा’ची पारायणे केली. भावाच्या जिवासाठी स्वतःचा मान सोडणाऱ्या या माणसाला भित्रा म्हणणे अन्यायाचे होईल. पण स्वतः सप्रे यांनी स्वतःला कधी इतकी सूट दिली नाही.

त्या एकांतातूनच पुढचे काम उभे राहिले. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. रायपुरात मुलींसाठी जानकीदेवी पाठशाळा स्थापन केली. १९२४ मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले.