वृद्धांच्या शुश्रूषेचा हिशेब

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की क्रिमियाचे युद्ध आणि हाती दिवा घेऊन रुग्णशय्यांमधून फिरणारी स्त्री डोळ्यांपुढे उभी राहते. चित्र खोटे नाही. पण नव्वद वर्षांच्या आयुष्यातील ती जेमतेम दोन वर्षे. १८५६ साली मायदेशी परतल्यावर प्रकृती ढासळली, आणि पुढचे बरेचसे कार्य त्यांनी बिछान्यावरूनच केले. निर्धन वृद्ध आणि असाध्य रुग्ण यांच्या शुश्रूषेचा प्रश्न त्यांनी हाती घेतला तो याच काळात.

१८६० साली लोकवर्गणीच्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी परिचारिकांचे विद्यालय काढले. शिकाऊ मुलींना निवास, भोजन, गणवेश आणि वर्षाला १० पौंड मिळत. शुश्रूषा ही शिकावी लागते आणि तिला मोल असते, हे येथे प्रथमच ठामपणे मांडले गेले असे म्हणता येईल.

परंतु ही शुश्रूषा दरिद्रालयांपर्यंत पोचत नव्हती. ‘वर्कहाउस’ या नावाच्या त्या संस्था धडधाकट निराधारांकडून काम करून घेण्यासाठी उभारलेल्या; प्रत्यक्षात त्या जराजर्जर व दुर्धर रोग्यांनी भरल्या होत्या. त्यांची काळजी घेणार कोण? तर तेथल्याच दरिद्री स्त्रिया, बहुधा विनावेतन. स्थानिक करदात्यांना ही व्यवस्था स्वस्त वाटे. स्वस्ताईचा हा हिशेब किती फसवा होता, हे डिसेंबर १८६४ मध्ये उघड झाले. होलबॉर्नच्या वर्कहाउसमध्ये हेळसांड झालेला टिमथी डेली नावाचा मजूर दगावला आणि वृत्तपत्रांत गवगवा झाला. नाइटिंगेलबाईंनी ती संधी साधून संबंधित मंत्री व्हिलियर्स यांना पत्र धाडले.

त्यांची मागणी भावनेची नव्हती, व्यवस्थेची होती. आजारी, वृद्ध व असाध्य रुग्णांना धडधाकटांपासून वेगळे करावे. कारभार एका मध्यवर्ती यंत्रणेकडे द्यावा. आणि खर्च गरीब वस्तीवर न लादता साऱ्या लंडनवर कर बसवून भागवावा. आजारी माणूस हा दरिद्री नव्हे, रुग्ण आहे, ही त्यामागची भूमिका. सार्वजनिक अर्थकारणाच्या अभ्यासकाने आजही आवर्जून पाहावी अशीच ही मांडणी आहे.

लिव्हरपूलमध्ये विल्यम रॅथबोन या दानशूर व्यापाऱ्याच्या पैशावर १८६५ साली प्रयोग सुरू झाला. ॲग्नेस जोन्स ही नाइटिंगेलबाईंची विद्यार्थिनी प्रशिक्षित परिचारिका घेऊन तेथील वर्कहाउसच्या रुग्णालयात गेली. दरिद्री स्त्रियांनाच शिकवून परिचारिका करण्याचा प्रयत्न मात्र साधला नाही. दारूपायी अनेकींना काढावे लागले. १८६८ साली जोन्स टायफसने दगावल्या.

१८६७ च्या कायद्याने लंडनपुरती सुधारणा झाली, पण बाईंना ती अपुरी वाटली. दरिद्री स्त्रियांकडून शुश्रूषा करून घेण्यास मनाई करणारा आदेश निघायला १८९७ उजाडले. तोवर बाई सत्त्याहत्तर वर्षांच्या झाल्या होत्या. पुढे दृष्टी गेली, स्मृती मंदावली, आणि १३ ऑगस्ट १९१० रोजी त्या वारल्या.