ज्यानं अख्खं पॅरिस पाडून पुन्हा बांधलं, त्यानं स्वतःच्या जन्माचं घरही सोडलं नाही!

पॅरिसचे रील्स बघताना एक गोष्ट लक्षात येते. सरळसोट रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना एकाच उंचीच्या फिकट दगडाच्या इमारती, लोखंडी नक्षीच्या बाल्कन्या. असं वाटतं, की हे शहर पहिल्यापासून असंच असेल.

पण तसं नाहीये. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं पॅरिस म्हणजे अंधाऱ्या बोळांचं, कोंदट शहर होतं. १८३२ च्या कॉलऱ्यात इथं जवळपास वीस हजार माणसं गेली. ते पॅरिस ज्यानं पाडलं, त्याचं नाव जॉर्ज-युजीन ओस्मान.

२७ मार्च १८०९ ला पॅरिसमध्येच त्याचा जन्म झाला. तो ना आर्किटेक्ट होता ना इंजिनिअर. कायदा शिकलेला, फ्रान्सभर बदल्या झेललेला पक्का सरकारी अधिकारी.

१८५३ मध्ये नेपोलियन तिसरा याने त्याला सीन प्रांताचा प्रीफेक्ट केलं. पॅरिसला तेव्हा निवडून आलेला महापौर नव्हता, त्यामुळे कलेक्टर आणि महापालिका आयुक्त दोन्ही एकाच खुर्चीत, असा हा मामला. लंडनमध्ये राहून आलेल्या बादशहाकडे नव्या रस्त्यांच्या रेघा ओढलेला नकाशा तयारच होता.

आणि मग सुरू झालं इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं रस्ता रुंदीकरण.

शहराला उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम छेदणारे मोठे रस्ते काढले. रिव्होलीचा रस्ता पूर्वेकडे वाढवला, सेबॅस्टोपोल आणि सॅं-मिशेल बुलेव्हार झाले. विजय कमान आधीच उभी होती, तिच्याभोवती बारा रस्ते ताऱ्यासारखे फुटले. नोत्र दामच्या बेटावर पिढ्यान् पिढ्या राहणारी दाट वस्ती जवळपास पुसली गेली. आज पर्यटक जिथून चर्चचे फोटो काढतात, ते मोकळं मैदान त्यातूनच आलं.

१८६० मध्ये आजूबाजूची गावं शहरात घेतली आणि वॉर्ड बाराचे वीस झाले. आजही पॅरिसचा पत्ता याच वीस भागांत सांगतात.

पण ओस्मानचं खरं काम जमिनीखाली आहे. बेलग्रां नावाच्या इंजिनिअरकडून त्यानं गटारांचं प्रचंड जाळं उभारून घेतलं आणि लांबच्या झऱ्यांचं पाणी शहरात आणलं. जिप्समच्या खाणीचा उकिरडा झालेल्या ब्यूत-शोमोंमध्ये १८६७ ला तलाव आणि धबधबा असलेली बाग झाली.

आता दुसरी बाजू. सुमारे वीस हजार घरं पाडली गेली. घरमालकांना भरपाई मिळाली, काहींनी त्यात हात धुऊन घेतले. भाडेकरूंचं काय? नव्या इमारतींचं भाडं कामगारांना झेपणारं नव्हतं. ते बेलव्हिलसारख्या कडेच्या वस्त्यांत ढकलले गेले. रस्ते रुंद करण्यामागे हवा-उजेड हे कारण होतंच, पण बंडखोरांना अडथळे रचता येऊ नयेत आणि सैन्य झटपट पोचावं, हाही हिशोब होता.

हिशोबावरूनच ओस्मान अडकला. कंत्राटदारानं आधी पैसे घालायचे, शहरानं नंतर हप्त्यानं द्यायचे आणि ती देणी कागद करून बाजारात फिरवायची. थोडक्यात, संसदेला न विचारता काढलेलं कर्ज. ज्यूल फेरी या वकील-पत्रकारानं १८६८ मध्ये यावर पुस्तिकाच काढली. जर्मन लेखक हॉफमनच्या अद्भुत गोष्टी तेव्हा प्रसिद्ध होत्या. फ्रेंचमध्ये गोष्टी आणि हिशोब या शब्दांचा उच्चार एकच, त्यामुळे तिचं नाव झालं 'ओस्मानचे अद्भुत हिशोब'. टोमणा पार वर्मी बसला.

त्यातच लुक्सेंबर्ग बागेचा तुकडा रस्त्यांसाठी कापला, तेव्हा एरवी गप्प असलेले सुखवस्तू लोकही चिडले. (गरिबांची घरं जाताना यांना एवढा राग आला नव्हता, हेही खरं.)

जानेवारी १८७० मध्ये राजीनामा द्यायला नकार दिल्यावर ओस्मानला पदावरून काढलं. त्याच सप्टेंबरात बादशाही कोसळली. १८७१ च्या कम्यूनमध्ये त्याच रुंद रस्त्यांवर पुन्हा अडथळे रचले गेले आणि ओस्मान ज्या नगरभवनात बसायचा, ते जळून गेलं.

पुढे तो कॉर्सिकातून खासदार झाला, आठवणी लिहिल्या आणि ११ जानेवारी १८९१ ला वारला. पेर लाशेज दफनभूमीत त्याची कबर आहे. तो जिथं जन्मला, ते घर मात्र शोधू नका. ते त्याच्याच कामात पाडलं गेलं.

त्याच्या नावाचा बुलेव्हार ओस्मान त्याच्या हयातीत पूर्ण झालाच नाही. शेवटचा तुकडा खुला व्हायला १९२७ उजाडलं.